डाग क्षयाचा की कर्करोगाचा : कोयनाकाठच्या छातीच्या निदानाचा इतिहास

छातीच्या फोटोत दिसणारा डाग जंतुसंसर्गाचा आहे की कर्करोगाचा, हा प्रश्न सातारा-सांगली भागात तसा नवा आहे. शंभर वर्षांपूर्वी तो कोणाला पडतच नव्हता. महिनोन्‌महिने न थांबणारा खोकला, संध्याकाळी चढणारा ताप, बेडक्यातून पडणारे रक्त आणि झडत चाललेले शरीर एवढे दिसले की तो क्षयच, असे वैद्यही म्हणत आणि घरचेही. कोयनानगरच्या परिसरात, म्हणजे हेळवाक, पाटण आणि वरच्या डोंगरातल्या वाड्यांत, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने दारे-खिडक्या लावून चुलीच्या धुरात बसलेल्या घरांत खोकला इतका नित्याचा होता की त्याची वेगवेगळी कारणे शोधायची असतात, ही कल्पनाच तेथे उशिरा पोहोचली.

जुन्या वैद्यकाने या आजाराचे वर्णन बारकाईने केले होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात राजयक्ष्म्यावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात साहस, वेगांचा अवरोध, धातुक्षय व विषम आहार ही चार कारणे दिली आहेत. पण ते सगळे वर्णन लक्षणांचे होते, आणि नुसत्या लक्षणांवरून क्षय आणि फुप्फुसाचा कर्करोग वेगळे काढणे आजच्या निष्णात डॉक्टरलाही जमत नाही. खोकला, रक्त, वजन घटणे, भूक मरणे, छातीत दुखणे, दम लागणे ही यादी दोन्हीकडे तीच आहे. १८१६ मध्ये पॅरिसच्या रने लायनेकने छातीला लावायची नळी शोधली तेव्हा फुप्फुसात पोकळी झाली आहे की पाणी साचले आहे, हे कानाला कळू लागले. ती पोकळी कशामुळे झाली, हे मात्र नळी सांगत नव्हती.

खरा फरक पडला २४ मार्च १८८२ रोजी. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला आणि हा आजार संसर्गाचा आहे हे सिद्ध केले. त्यानंतर पाचच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने गेल्या. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाईंना कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाचे काम दिले होते. ते त्यांना कधी हाती घेता आले नाही. जंतू सापडला होता, औषध सापडायला अजून अर्धे शतक लागणार होते.

औषध नसले तरी एक चाचणी मात्र हातात आली, आणि ती आजही गावोगाव चालते. सकाळी उठल्या उठल्या खोल खोकून काढलेला बेडका काचपट्टीवर पातळ पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून फिरवून पक्का करायचा. त्यावर कार्बोल फ्युक्सिन हा लाल रंग ओतून वाफ येईपर्यंत तापवायचा, मग आम्लाने धुवायचा आणि शेवटी मिथिलिन ब्ल्यूचा निळा रंग द्यायचा. क्षयाच्या जंतूचे मेणचट कवच लाल रंग सोडत नाही. बाकी सगळे निळे होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात. काडी दिसली तर क्षय जवळपास नक्की. काडी दिसली नाही तर मात्र काहीच नक्की नाही, कारण बेडक्यात जंतू भरपूर असल्याशिवाय ते या पद्धतीने सापडत नाहीत. पुढच्या शतकभराचा सगळा गोंधळ या दुसऱ्या वाक्यातून निघाला.

या भागातल्या आधुनिक छातीच्या वैद्यकाचे मूळ मिरजेत आहे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम जेम्स वॉन्लेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले. दक्षिण महाराष्ट्रातूनच नव्हे, तर कर्नाटकातून आणि कोकणातून घाट चढूनही रोगी मिरजेला येऊ लागले. पुढे त्यांनीच क्षयरोग्यांसाठी गावाबाहेर वेगळे आरोग्यधाम काढले. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या त्या वस्तीचे वॉन्लेसवाडी हे नाव आजही टिकून आहे. सातारा जिल्ह्यात पाचगणीची कोरडी, थंड हवा क्षयाला मानवते अशी ख्याती होती. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये तेथे क्षयाचे आरोग्यधाम सुरू केले. तेच पुढे बेल-एअर रुग्णालय झाले आणि १९६४ मध्ये रेड क्रॉसकडे गेले.

आरोग्यधामातला उपचार म्हणजे विश्रांती, मोकळी हवा, दूध, अंडी आणि महिनोन्‌महिने अंथरूण. काही ठिकाणी छातीत हवा भरून आजारी फुप्फुस दाबून ठेवत, तर काही वेळा बरगड्या काढून ती बाजू कायमची बसवत. तेथे आलेल्या प्रत्येकाच्या थुंकीत जंतू सापडतच असे, असे नाही. ज्यांच्या थुंकीत जंतू नव्हते आणि दूध-अंडी खाऊनही जे खंगत गेले, त्यांतल्या काहींना कर्करोग असणार असे आज मागे वळून म्हणता येते. त्या काळात तसा संशय येण्याचे कारण नव्हते. न्यूयॉर्कच्या आयझॅक ॲडलरने १९१२ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगावर ग्रंथ लिहिला तेव्हा हा जगातल्या अत्यंत दुर्मिळ आजारांपैकी एक आहे, असे त्यानेच नोंदवले होते. जो आजार जगातच दुर्मिळ मानला जात होता, तो कृष्णाकाठी कोण शोधणार?

क्ष-किरण १८९५ मध्ये विल्हेल्म राँटगेनने शोधले. मोठ्या शहरांत ते लवकर आले. डोंगरी तालुक्यांतल्या माणसाला मात्र छातीचा फोटो काढायचा तर शहर गाठावे लागे. पाटण, जावळी, शिराळा या तालुक्यांतले पुरुष पोटासाठी मुंबईला जात, गिरण्यांत आणि गोदीत काम करत, आणि एका खोलीत दहा-पंधराजण पाळीपाळीने झोपत. क्षयाला याहून सोयीची जागा नाही. त्यात गिरणीतल्या कापसाच्या धुळीने होणारा दमा वेगळा आणि विडी वेगळी. आजारी पडलेला माणूस औषधपाण्याला गावी परत येई, म्हणून गिरणगावचा खोकला कोयनेच्या खोऱ्यात उतरत राहिला.

कोयना प्रकल्पाचे काम १९५४ मध्ये सुरू झाले आणि पोफळीच्या भूमिगत केंद्रातून १९६२ मध्ये वीज निघू लागली. धरण, बोगदे आणि वसाहती यांच्यासाठी देशभरातून मजूर आले. बोगदा खोदणाऱ्यांच्या छातीचा विचार करताना सिलिकोसिस हा तिसरा आजार ध्यानात घ्यावा लागतो. दगडाच्या धुळीतला सिलिका फुप्फुसात साचून गाठी धरतो, त्या गाठी फोटोत कधी क्षयासारख्या तर कधी कर्करोगासारख्या दिसतात, आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोकाही वाढतो. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट या बाबतीत कोलारच्या सोन्याच्या खाणींतल्या क्वार्ट्‌झपेक्षा सौम्य आहे, कारण त्यात मुक्त सिलिका फार थोडा असतो. तरीही बोगद्यात, खाणीत किंवा खडीच्या क्रशरवर काम केलेल्या माणसाचा फोटो वाचताना त्याने आयुष्यभर काय काम केले हे विचारल्याशिवाय निदान पुरे होत नाही. हा प्रश्न आजही अनेक दवाखान्यांत विचारला जात नाही, हे खेदाने नोंदवावे लागते.

प्रकल्पाची ही वर्षे आणि क्षयाच्या उपचारातल्या क्रांतीची वर्षे जवळपास एकच होती. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले, आयसोनायझिड १९५२ मध्ये आले. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन आणि नंतर स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले. १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर पाहणी केली आणि क्षय हा शहरी आजार आहे हा समज मोडला. खेड्यांतही त्याचे प्रमाण शहरांइतकेच होते. मद्रासच्या अभ्यासाने १९५९ मध्ये दाखवले की घरी राहून गोळ्या घेणारा रोगी आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. आरोग्यधामांची गरज संपली. १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्ह्याजिल्ह्याला क्षयरोग केंद्र आले.

या कार्यक्रमाने असंख्य जीव वाचवले. त्याच्याच पोटी एक सवयही लागली. थुंकीत जंतू दिसला नाही, पण फोटोत डाग दिसला, तर 'टीबीचा कोर्स' सुरू करायचा आणि बघायचे. त्या काळी हा कोर्स वर्ष-दीड वर्षाचा असे. फोटो वाचण्यातली अनिश्चितता तेव्हाही ठाऊक होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हेन्री गार्लंडने दाखवून दिले होते की अनुभवी तज्ज्ञही छातीच्या फोटोतले बरेच दोष हेरू शकत नाहीत, आणि तोच फोटो पुन्हा दाखवला तर स्वतःचेच आधीचे मत बदलतात. तरी खेड्यातल्या डॉक्टरपुढे दुसरे काय होते? क्षय दर दहा घरांआड होता आणि कर्करोग वर्षा-दोन वर्षांत एखादा दिसे. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतले डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आणखी कटू गोष्ट निघाली. क्षय झालेल्या खेडुतांपैकी निम्म्याहून अधिक जण आपणहून सरकारी दवाखान्यात गेले होते आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परत आले होते. लोक अडाणी आहेत म्हणून आजार लपतो, हे खरे नव्हते.

दरम्यान कर्करोग दुर्मिळ राहिला नाही. १९५० मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते मांडले. या भागात सिगारेटपेक्षा विडी अधिक. निपाणीचा आणि जयसिंगपूरचा तंबाखू, तेंदूचे पान आणि दिवसभराचा जुडगा हे इथल्या शेतकऱ्याचे आणि मजुराचे नित्याचे व्यसन होते. विडीचा धूर सिगारेटहून निरुपद्रवी असतो, हा समज खोटा आहे. विडी विझू नये म्हणून वारंवार आणि खोल झुरके घ्यावे लागतात. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, १९६३ मध्ये मुंबईतच देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली, आणि १९८७ मध्ये बार्शीत देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शीच्या आकड्यांत फुप्फुसाचा कर्करोग मुंबईपेक्षा बराच कमी दिसतो. या फरकातला काही भाग खरा असेल. पण जो रोगी टीबीचा कोर्स घेता घेताच गेला, त्याचे नाव कर्करोगाच्या कोणत्याही वहीत चढत नाही, हेही त्या आकड्यांकडे पाहताना विसरता येत नाही.

मुंबईतल्या टाटा रुग्णालयाच्या २०१२ च्या एका अहवालात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रोग्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक लोक धूम्रपान न करणारे निघाले. ज्या बाईने जन्मात विडी ओढली नाही आणि आयुष्यभर चूल फुंकली, तिच्या खोकल्यात कर्करोगाचा विचार करायला डॉक्टर कचरतात, आणि तिचाच उशीर सर्वांत मोठा होतो.

क्षय आणि कर्करोग यांच्यामध्ये इतर संसर्गांचीही गर्दी आहे, आणि त्यांत या भागाचा स्वतःचा असा एक आहे. माण, खटाव, आटपाडी, जत हा मेंढपाळांचा दुष्काळी पट्टा. मेंढरू कापल्यावर त्याचे आतडे-काळीज कुत्र्याला टाकले जाते, कुत्र्याच्या पोटात फीतकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात, भाजीत आणि कुत्र्याला कुरवाळणाऱ्या हातात येतात. माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात त्याची पाण्याने भरलेली गाठ होते. तिला हायडॅटिड म्हणतात. फोटोत ती गोल, काठ रेखीव असलेली, थेट कर्करोगाच्या गोळ्यासारखी दिसते. कधी ती फुटते आणि रोग्याच्या तोंडातून खारट पाणी आणि द्राक्षाच्या सालीसारखे पांढरे पापुद्रे पडतात. ते पापुद्रे पाहिलेला डॉक्टर निदान करायला दुसरी तपासणी मागत नाही. न फुटलेल्या गाठीत मात्र घाईने सुई घालणे धोक्याचे असते, कारण आतले पाणी सांडले तर जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते. म्हणून मेंढपाळ घरातल्या माणसाच्या छातीत गोल गाठ दिसली तर सुईआधी सोनोग्राफी, सीटी आणि रक्ततपासणी.

जुन्या क्षयाने सोडलेल्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढतो. असा रोगी क्षयातून बरा झाल्यावर दहा-वीस वर्षांनी अचानक रक्त ओकतो, सगळ्यांना क्षय उलटला असे वाटते, आणि क्षयाच्याच गोळ्या पुन्हा चालू होतात. सडक्या दातांतला पू किंवा बेशुद्धीत श्वासाबरोबर ओढला गेलेला तोंडातला ऐवज फुप्फुसात गेला तर गळू होते. पू, दुर्गंधी आणि ताप ही त्याची खूण. मात्र श्वासनलिका कर्करोगाने बुजली की तिच्यापलीकडेही तसेच गळू होते. २०२१ च्या करोना लाटेनंतर मधुमेह्यांच्या फुप्फुसांत शिरलेल्या म्युकर बुरशीने या यादीत आणखी भर घातली.

या सगळ्यांतून वाट काढण्याची पद्धत गेल्या साठ वर्षांत हळूहळू ठरत गेली. तिचा गाभा एकच आहे : सावलीवर विसंबायचे नाही, ती सावली पाडणारी वस्तू हातात घ्यायची. क्षय बहुधा फुप्फुसाच्या शिखराकडे असतो, त्याच्याभोवती बारीक ठिपके विखुरलेले असतात, जुन्या डागात चुना साचतो. कर्करोगाची गाठ एकटी असते, तिच्या कडा काटेरी असतात, पोकळी झालीच तर तिची भिंत जाड आणि ओबडधोबड असते. बोटांची टोके फुगणे, आवाज अचानक बसणे, गळपट्टीच्या हाडावर कडक गाठ लागणे, चेहरा आणि मान सुजणे या गोष्टी दिसल्या तर संशय कर्करोगाकडे झुकतो. पण हे झुकणेच. क्षयानेही मानेला गाठ येते. छातीत झालेले रक्ताळ पाणी बहुधा कर्करोगाचे, पण क्षयाचे पाणीही कधी लाल असते. सर्वांत महाग चाचणी, पेट स्कॅनसुद्धा, भारतात फसते, कारण धगधगता क्षय त्यात कर्करोगाइतकाच उजळ दिसतो.

डाग स्थिर आहे की वाढतो आहे, ही जुनी आणि स्वस्त कसोटी अजून उपयोगी आहे, म्हणून जुने फोटो फेकू नयेत. दोन वर्षांत तसूभर न बदललेली घट्ट गाठ बहुधा निरुपद्रवी असते. साध्या न्यूमोनियाची सावली प्रतिजैविकाने सहा आठवड्यांत, म्हाताऱ्यांत फार तर बारा आठवड्यांत विरते. ती तशीच राहिली, किंवा त्याच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया झाला, तर तिथल्या श्वासनलिकेत काहीतरी अडले आहे असे समजून आत पाहावे लागते. या टप्प्यावर लेव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधे सरसकट देण्याची खोड घातक आहे. ती क्षयाच्या जंतूलाही थोडी लागू पडतात, रोग्याला चार दिवस बरे वाटते आणि खरे निदान महिनाभर मागे पडते.

आत पाहण्याची साधने दूरवरून आली. जर्मनीच्या गुस्ताव किलियानने १८९७ मध्ये श्वासनलिकेत ताठ नळी घातली. जपानच्या शिगेतो इकेदाने १९६० च्या दशकात लवचीक दुर्बीण बनवली आणि तिने फुप्फुसाच्या फांद्यांतून तुकडा काढता येऊ लागला. १९७१ मध्ये सीटी स्कॅनचा शोध लागला. त्याच्या मदतीने बाहेरून बारीक सुई गाठीच्या मध्यात नेमकी घालून पेशी काढता येतात. क्षयाच्या बाजूने, थुंकीतल्या जंतूचा अंश दोन तासांत ओळखणारी सीबीनॅट चाचणी २०१० नंतर आली, आणि गोव्याच्या मोल्बिओ कंपनीचे ट्रूनॅट यंत्र २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. ते बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज जाणाऱ्या गावातही वापरता येते. सूक्ष्मदर्शकातून सुटलेले बरेच जंतू या चाचण्या पकडतात. म्हणूनच त्या जेव्हा नकार देतात, तेव्हा त्या नकाराला पूर्वीपेक्षा जास्त वजन द्यायला हवे.

आज कोयनानगरच्या माणसाला मोठ्या तपासण्यांसाठी पन्नास-साठ किलोमीटरवरच्या कराडला किंवा पुढे मिरजेला जावे लागते. कराडचे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये सुरू झाले, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये. दुर्बीण, सीटी आणि पेशीतपासणी आता या टापूतच होतात. तुकड्यात कर्करोग निघाला तरी पूर्वीसारखे हात टेकण्याची वेळ नाही. गाठ लहान असताना शस्त्रक्रिया होते. पुढे गेलेल्या आजारातही ईजीएफआर जनुकातला बदल सापडला, तर रोज एक गोळी घेऊन माणूस काही वर्षे कामाला लागतो, आणि हा बदल भारतीय रोग्यांत युरोपीयांपेक्षा अधिक आढळतो. क्षय आणि कर्करोग एकाच छातीत एकत्रही नांदतात. जुन्या क्षयाच्या व्रणात कर्करोग उगवतो आणि कर्करोगाच्या केमोथेरपीने झोपलेला क्षय जागा होतो, म्हणून एक सापडला की दुसरा नाही असे मानू नये.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असणाऱ्याची थुंकी सरकारी दवाखान्यात फुकट तपासली जाते. त्या थुंकीत जंतू सापडला नसताना सुरू केलेला टीबीचा कोर्स दोन महिन्यांत गुण देत नसेल, वजन घटतच असेल किंवा डाग वाढत असेल, तर कोर्स पुढे रेटू नये. फोटोंची पिशवी घेऊन कराड किंवा मिरज गाठावे आणि तुकडा काढून तपासायला सांगावे.